विश्लेषण : पावसात शिर्डीची २५०० मीटरची धावपट्टी नेमकी किती उरते?

साईदर्शनाला निघालेल्या प्रवाशांचे विमान शिर्डीच्या आकाशात दोन-तीन घिरट्या घालते आणि थेट दुसऱ्या शहराकडे वळते. खाली पाऊस थांबलेला असतो, खिडकीतून धावपट्टीही दिसत असते. मग उतरवले का नाही, असा संताप व्यक्त होतो आणि पुढचा दिवस विमान कंपनीला दूषणे देण्यात जातो. धावपट्टी दिसणे आणि ती पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या उन्हात पुरून उरणारी धावपट्टी पावसाच्या एका सरीनंतर कागदावर तीनशेहून अधिक मीटरने आखूड होते. हे गणित मांडतात कसे आणि ते कुठे चुकू शकते?

शिर्डीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

शिर्डी विमानतळ प्रत्यक्षात कोपरगाव तालुक्यातील काकडी गावाच्या हद्दीत आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो चालवते महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. धावपट्टी एकच आहे आणि तिची लांबी २५०० मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी याहून सुमारे ९०० मीटर लांब आहे. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए ३२० या जातीच्या विमानांना २५०० मीटर पुरतात, पण ढिलाईला फारशी जागा उरत नाही.

त्याची चुणूक उन्हाळ्यातच मिळाली. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७-८०० विमान शिर्डीत उतरताना धावपट्टी ओलांडून पुढच्या मातीत गेले. कुणाला इजा झाली नाही. पावसाळ्याला तेव्हा महिनाभर अवकाश होता.

अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेचा. मुंबई-कोकणासारखा आठ-आठ दिवसांचा पाऊस येथे पडत नाही, त्यामुळे ओल्या धावपट्टीची चिंता किनारपट्टीने करावी, असे वाटणे साहजिक आहे. पण विमानाच्या हिशेबात वर्षभरात किती पाऊस पडला याला अर्थ नसतो. चाके टेकण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत किती पडला, एवढेच मोजायचे असते. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस तेवढ्या वेळात धावपट्टीवर पाणी उभे करायला पुरेसा असतो.

उतरण्याचे अंतर ठरते कसे?

नवे विमान बाजारात येण्याआधी कंपनीचे चाचणी वैमानिक ते कोरड्या धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरवतात. धावपट्टीच्या सुरुवातीच्या कडेवरून विमान बरोबर ५० फूट उंचीवर असते, तिथून मोजणी सुरू होते. चाके टेकली की पूर्ण ताकदीने ब्रेक, आणि विमान थांबले तिथे मोजणी संपते. इंजिनाचा झोत उलटा फिरवून मिळणारा अवरोध, म्हणजे रिव्हर्स थ्रस्ट, या कोरड्या मोजणीत धरत नाहीत. तो जास्तीचा आधार मानला जातो.

रोजच्या उड्डाणात कुणी असे उतरत नाही. प्रवासी पुढच्या खुर्चीवर आपटतील. म्हणून नियमाने या चाचणी अंतरावर भरघोस वाढ धरायला लावली. जेट विमानाचे चाचणी अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसले पाहिजे. थोडक्यात, चाचणीत जितके मीटर लागले त्याच्या १.६७ पट धावपट्टी हवी. पोहोचण्याच्या वेळी धावपट्टी ओली असण्याचा अंदाज असेल तर त्यावर आणखी १५ टक्के. हा गुणाकार १.९२ पर्यंत जातो.

आता हा हिशेब काकडीच्या धावपट्टीवर मांडू. २५०० चे ६० टक्के म्हणजे १५००. कोरड्या दिवशी, त्या वजनाला ज्याचे चाचणी अंतर १५०० मीटरपर्यंत आहे, असे विमान येथे पाठवता येते. ओल्या दिवशी ही मर्यादा १३०४ मीटरवर येते. उलट्या बाजूने पाहिले तर ओली २५०० मीटरची धावपट्टी नियमाच्या दृष्टीने २१७४ मीटरच्या कोरड्या धावपट्टीइतकीच असते. डांबर तेवढेच आहे, ३२६ मीटर मात्र पाण्याने नेले.

चाचणी अंतर वजनावर अवलंबून असल्याने कंपनीपुढे एकच मार्ग राहतो, विमान हलके करण्याचा. येथे पावसाळा दुहेरी कोंडी करतो. हवामान वाईट असेल तर घिरट्या घालायला आणि दुसऱ्या विमानतळाकडे वळायला जादा इंधन न्यावे लागते. ते इंधन वापरले गेले नाही तर उतरताना विमानातच असते आणि वजन वाढवते. जे पाणी विमान हलके करा म्हणते, तेच ते जडही करते. मग सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. शिर्डी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत तेवढाच उचल-जोर मिळवायला विमानाचा प्रत्यक्ष वेग किनारपट्टीपेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो, हाही एक खर्च.

पाण्यामुळे ब्रेकला काय होते?

ब्रेक चाक थांबवतो. विमान थांबते ते चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे. मध्ये पाण्याचा थर आला की ही पकड सुटते. वेग पुरेसा असेल आणि पाणी बाजूला सरकायला वेळ मिळाला नाही, तर चाक पाण्यावर अक्षरशः तरंगते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६० च्या दशकात वॉल्टर हॉर्न यांनी यावर काम केले आणि एक सुटसुटीत सूत्र दिले. चाकातील हवेचा दाब चौरस इंचाला किती पौंड आहे ते पाहायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ९ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे चाक तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये.

मोटारीच्या चाकात ३२ पौंड हवा असते. सूत्राने उत्तर येते ५१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९४ किलोमीटर. शिर्डीजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे. पाणी साचलेल्या टप्प्यावर गाडी अचानक हलकी का वाटते, याचे उत्तर यात आहे. (नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे तो वेग येऊच देत नाहीत, हा भाग वेगळा.) मध्यम आकाराच्या जेट विमानाच्या चाकात दाब २०० पौंडांच्या आसपास असतो. त्याचा आकडा येतो १२७ नॉट, ताशी सुमारे २३५ किलोमीटर. अशी विमाने टेकतात साधारण २६० च्या वेगाने. साचलेल्या पाण्यात पहिले काही सेकंद चाके जमिनीवर नसून पाण्यावर असू शकतात.

म्हणूनच पावसात कसलेला वैमानिक विमान अलगद टेकवत नाही. तो ते मुद्दाम घट्ट बसवतो, जेणेकरून चाक पाण्याचा पापुद्रा फोडून डांबराला भिडेल. प्रवाशांना त्यात हिसका जाणवतो आणि ‘काय आदळले!’ असा शेरा येतो. लोण्यासारखे उतरणे कोरड्या दिवसाची चैन आहे.

तरंगण्याइतके पाणी नसले तरी धोका संपत नाही. विमाने जिथे टेकतात तिथे चाकांचे रबर घासून डांबरावर चिकटते आणि खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यावर ओलीचा पातळ थर पुरेसा असतो. यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. धावपट्टी दोन्ही दिशांनी वापरली जाते, त्यामुळे एका टोकाकडून उतरणाऱ्याला जिथे शेवटचा ब्रेक लावायचा असतो, तो दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्यांचा टेकण्याचा, म्हणजे रबर साचलेला, टप्पा असतो. पकड सर्वाधिक हवी तिथेच ती सर्वांत कमी. हे रबर उच्च दाबाच्या पाण्याने वेळोवेळी काढावे लागते. पाणी निचरून जावे म्हणून धावपट्टी मधोमध किंचित उंच ठेवतात आणि अनेक ठिकाणी तिच्यावर आडव्या बारीक चरी पाडतात. जोराचा वारा आडवा आला तर उताराने वाहणारे पाणी अडूनही राहते.

उड्डाणाआधी गणित केले, मग हवेत पुन्हा कशाला?

कारण उड्डाणाआधीचे गणित अंदाजावर असते. त्यात उतरण्याच्या क्षणाचा वारा नसतो, नुकतीच पडलेली सरही नसते. ही त्रुटी जगाला ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर प्रकर्षाने दिसली. साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ बर्फात उतरले, धावपट्टी संपली, कुंपण तोडून रस्त्यावर आले आणि एका मोटारीतील सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. वैमानिकांनी संगणकावर हिशेब केला होता. त्या हिशेबात रिव्हर्स थ्रस्ट वेळेवर मिळेल असे गृहीत होते. प्रत्यक्षात तो वापरायला उशीर झाला.

त्यानंतर अमेरिकी विमान नियामकाने सुचवले की उतरण्याआधी, प्रत्यक्षातील वारा, वजन आणि धावपट्टीची स्थिती घेऊन अंतर नव्याने काढा आणि त्यावर किमान १५ टक्के शिल्लक ठेवा. आज कॉकपिटमधील टॅबलेटवर हे काम काही सेकंदांत होते. आकडा बसला नाही तर उतरायचे नाही. शिर्डीच्या आकाशातील घिरट्यांत बऱ्याचदा हेच चाललेले असते.

‘ओली’ म्हणजे किती ओली?

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच मोजपट्टी लागू केली. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला ६ ते ० असा अंक द्यायचा. कोरडी असेल तर ६. ओली, पण पाणी ३ मिलिमीटरपर्यंत, तर ५. ओली झाली की निसरडी होते असे ठाऊक असलेल्या पृष्ठभागाला ३. तीन मिलिमीटरहून जास्त पाणी उभे असेल तर थेट २. शून्य म्हणजे ओले बर्फ, ज्याची शिर्डीकरांनी काळजी करू नये. वैमानिकाला ‘५, ५, २’ असे कळले की त्याने ओळखायचे, शेवटच्या तिसऱ्या भागात ब्रेकवर भिस्त ठेवता येणार नाही.

पाच आणि दोन यांत अंतर केवढे? दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढ्या पाण्याचे. ही पातळी मोजायला माणूस गाडी घेऊन धावपट्टीवर जातो, बघतो, अंक कळवतो आणि बाहेर येतो. तो बाहेर येईपर्यंत सर वाढलेली असू शकते. मुसळधार पावसात तर विमानांच्या मधल्या फटीत हे काम उरकावे लागते. अंक खरा असतो, पण काही मिनिटांपूर्वीचा.

अमेरिकी नियामकाने जुलै २०१९ मध्ये याबाबत पुन्हा इशारा दिला. ओल्या धावपट्टीवरील काही घटनांच्या तपासात विमानांना मिळालेली ब्रेकची पकड गृहीत धरल्यापेक्षा कमी आढळली होती. जोरदार पाऊस चालू असेल आणि धावपट्टीला चरी नसतील तर ती नुसती ‘ओली’ न धरता पाणी साचलेली धरावी, असा त्याचा आशय. योगायोग असा की त्याच सुमारास मुंबईत त्याचे प्रात्यक्षिक घडले होते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७-८०० मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतले. प्रवासी सुखरूप होते, पण विमान बाहेर काढायला जवळपास चार दिवस लागले. तोवर देशातील सर्वाधिक वर्दळीच्या विमानतळांपैकी एक दुय्यम धावपट्टीवर चालला. मुंबईची मुख्य धावपट्टी ३४०० मीटरहून लांब आहे. नुसती लांबी उपयोगी पडत नाही, हे याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

मीटर वाया जातात कुठे?

बहुतेक वेळा चाके टेकण्याच्या आधीच. ताशी २६० किलोमीटर वेगाने विमान सेकंदाला ७२ मीटर कापते. टेकण्याआधी ते चार सेकंद जास्त तरंगले तर जवळपास २९० मीटर गेले. धावपट्टीच्या कडेवरून ५० ऐवजी १०० फुटांवरून आले तर नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर तेवढेच मीटर पुन्हा खर्च होतात. पाठीमागून दहा नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग १४० वरून १५० नॉट होतो. फरक दहाचा दिसतो, पण जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १५ टक्क्यांनी. पावसासाठी ठेवलेली सगळी वाढीव शिल्लक एकट्या वाऱ्याने खाल्ली. कोरड्या दिवशी यातली एखादी चूक ब्रेक पोटात घालतो. ओल्या दिवशी त्याच्याकडे तेवढी ताकद नसते.

या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला दिसले. एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले बोइंग ७३७-८०० विमान १९० जणांना घेऊन उतरत होते. नागपूरशी नाते असलेले कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले, अतिशय अनुभवी वैमानिक होते. पहिला प्रयत्न सोडून देऊन विमान फिरवण्यात आले आणि दुसऱ्यांदा ते विरुद्ध दिशेने, पाठीमागून सुमारे १४ नॉट वारा असताना उतरले. पाऊस चालू होता. विमान अपघात तपास विभागाच्या सप्टेंबर २०२१ मधील अहवालानुसार, २७०० मीटरच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुरुवातीपासून सुमारे १३५० मीटरवर, जवळपास मधोमध. सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना केली होती. ती अमलात आली नाही. टेकडी सपाट करून बांधलेल्या त्या विमानतळाच्या टोकाला खोल उतार होता. विमान खाली कोसळून तुटले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. अहवालाने वैमानिकांच्या निर्णयांवर बोट ठेवले, त्याबरोबर यंत्रणेतील त्रुटींचाही उल्लेख केला.

त्या क्षणी पुढे उरलेले १३५० मीटर लक्षात घेतले तर ओल्या धावपट्टीसाठीचा १.९२ चा नियम केव्हाच मोडलेला होता. तो नियम विमान ठरलेल्या टप्प्यातच टेकेल, या गृहीतकावर उभा आहे. टप्पा चुकला की कागदावरची शिल्लक आपोआप रद्द होते. विमान पुन्हा वर घेणे, ज्याला गो-अराउंड म्हणतात, हे वैमानिकाचे अपयश नाही, असे प्रशिक्षणात वारंवार शिकवतात. प्रत्यक्षात इंधन, ड्युटीची वेळ, दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक आणि मागे बसलेल्या दीडशे-पावणेदोनशे जणांची घाई, हे सारे त्या निर्णयाच्या वेळी कॉकपिटमध्ये हजर असते.

शिर्डीची धावपट्टी वाढली तर?

ती ३२०० मीटरपर्यंत नेण्याचे नियोजन आहे. नव्या टर्मिनल इमारतीचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. चर्चा प्रामुख्याने मोठी विमाने, आंतरराष्ट्रीय उड्डाणे आणि येत्या कुंभमेळ्याची गर्दी यांची होते. पावसाच्या हिशेबात या ७०० मीटरचा अर्थ अधिक सरळ आहे. ओली ३२०० मीटरची धावपट्टी नियमाने २७८३ मीटरच्या कोरड्या धावपट्टीइतकी ठरते. म्हणजे भर पावसातही ती आजच्या कोरड्या शिर्डीपेक्षा लांब असेल. ज्या विमानांचे सामान किंवा इंधन आज ओल्या दिवशी कमी करावे लागू शकते, त्यांना ते करावे लागणार नाही.

अर्थात वाढीव डांबराला चरी असतील का, रबर किती दिवसांनी काढले जाईल आणि टोकापलीकडची मोकळी सुरक्षित जागा किती ठेवली जाईल, यावर बरेच अवलंबून राहील. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी जागा २४० मीटर ठेवण्याची आहे. एप्रिल २०१९ मध्ये मातीत गेलेल्या त्या विमानातील प्रवासी पायऱ्या उतरून चालत गेले, कारण शिर्डीत धावपट्टीपुढे सपाट जमीन होती. कोझिकोडला तिथे उतार होता.